दंतवेदना हरण करणारा शस्त्रवैद्य : डॉ. विल्यम हॉलस्टेड

दाढेचें दुखणें ज्याचें त्यासच ठाऊक. तापानें फणफणलेला मनुष्य अंथरुणावर पडून राहतो, घरचीं माणसें त्याच्या उशापायथ्याशीं बसतात, शेजारीपाजारी विचारपूस करून जातात. दाढ दुखणाऱ्या मुलाची मात्र कोणी फारशी कींव करीत नाहीं. गालास फडकें बांधून तें शाळेंत येतें. गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असूनही तोंड उघडण्याचें त्यास भय वाटतें. आणि रात्रीं घरांतील सर्व माणसें निजलीं म्हणजे तें एकटें जागें असतें. लवंग दाढेखालीं धरणें, मिठाच्या कोमट पाण्यानें चुळा भरणें, हे उपाय आमच्या आजीबाईंपासून चालत आले आहेत, व त्यांनीं घटकाभर बरें वाटतें हेंही खरें. कोठें कोठें मिश्री लावण्याचा घातक सल्लाही दिला जातो. परंतु दाढेच्या आंत शिरलेली कीड यांपैकीं कोणत्याही उपायानें बाहेर निघत नाहीं.

नांदेड व लातूर या आमच्या दोन्ही नगरांत आज दंतवैद्यकाचीं महाविद्यालयें आहेत, आणि दंतवैद्यांचे दवाखानेही पुष्कळ आहेत. असें असतां पुष्कळ मुलें, व मुलांहून अधिक त्यांचे पालक, दुखणें विकोपास जाईपर्यंत तेथें पाऊल टाकीत नाहींत. कारण विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें, आणि तें म्हणजे सुईचें भय. ज्या सुईनें दुःख जावयाचें तिचेंच भय धरून दुःख सोशीत बसणें हा केवढा विपरीत प्रकार! ती सुई दाढेजवळ टोचली जाते, कांहीं मिनिटांत ओठ जड होतो, आणि पूर्वीं ज्या कामास चार माणसांनीं रोग्याचे हातपाय धरावे लागत तें काम रोगी डोळे उघडे ठेवून स्वस्थपणें करून घेतो. ही सोय आपणांस फुकट मिळालेली नाहीं. तिच्यापायीं कांहीं तरुण वैद्यांचें आयुष्य खर्ची पडलें, व त्यांतील जो सर्वांत प्रसिद्ध झाला त्यास तिचें मोल मरेपर्यंत फेडावें लागलें. त्या पुरुषाचें चरित्र यंदा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजीं अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं एका संपन्न व्यापारी घराण्यांत झाला. घरांतील वळण धार्मिक व कडक होतें. मोठेपणीं ज्यांच्या विद्वत्तेस सर्व जगानें मान दिला त्या हॉलस्टेड यांचें लक्ष विद्यार्थिदशेंत मात्र पुस्तकांपेक्षां खेळांतच अधिक असे. येल विद्यापीठांत ते फुटबॉलच्या संघाचे नायक होते, आणि तेथील ग्रंथालयांतून त्यांनीं एकही पुस्तक घरीं नेल्याची नोंद सांपडत नाहीं असें त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु शिक्षणाच्या शेवटच्या वर्षीं त्यांनीं शरीरशास्त्राचीं दोन पुस्तकें विकत घेतलीं, आणि तेथून त्यांच्या आयुष्याचा ओघच पालटला. १८७४ सालीं ते न्यूयॉर्कच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाले व १८७७ सालीं उत्तम प्रकारें पदवी घेऊन बाहेर पडले. जीं मुलें आज अभ्यासांत मागें आहेत त्यांनीं यावरून धीर धरावा. परंतु ग्रंथालयाकडे पाठ फिरविल्यानेंच ते मोठे झाले असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये.

पदवी मिळाल्यानंतर त्यांनीं कांहीं काळ न्यूयॉर्क येथील इस्पितळांत काम केलें. रोग्याचा ताप, नाडी व श्वास यांची नोंद ज्यावर रेषा काढून दाखवितात असा तक्ता त्यांनीं तेथेंच तयार केला. आज कोणत्याही दवाखान्यांत खाटेशीं तसा तक्ता लटकलेला दिसतो. पुढें दोन वर्षें युरोपांत राहून व्हिएन्ना व जर्मनीमधील नामांकित शस्त्रवैद्यांच्या हाताखालीं त्यांनीं शिक्षण घेतलें आणि १८८० सालीं ते मायदेशीं परतले. त्यांचा उत्साह त्या वेळीं असा दांडगा होता कीं, एकाच वेळीं अनेक इस्पितळांत ते शस्त्रक्रिया करीत आणि रात्रीं विद्यार्थ्यांस शिकवीत.

त्यांच्या धैर्याचीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. १८८१ सालीं त्यांची बहीण बाळंत झाली असतां अतिरक्तस्रावानें मरणोन्मुख झाली. हॉलस्टेड तेथें पोहोंचले, त्यांनीं स्वतःच्या शिरेंतील रक्त काढून बहिणीच्या शिरेंत घातलें, आणि ती वांचली. रक्ताचे निरनिराळे गट असतात व भलत्या गटाचें रक्त प्राणघातक ठरतें हा शोध त्यानंतर सुमारें २० वर्षांनीं लागला. त्या रात्रीं बहीणभावांवर ईश्वराची कृपाच झाली असें म्हटलें पाहिजे. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८८२ सालीं, त्यांची आई पित्ताशयांतील खड्यांनीं अत्यवस्थ झाली. तेव्हां रात्रीं २ वाजतां स्वयंपाकघरांतील मेजावर तिला निजवून त्यांनीं स्वतः शस्त्रक्रिया केली, आणि आईही वांचली. जो मनुष्य आपल्या सख्ख्या आईच्या पोटावर शस्त्र चालवितांना डगमगत नाहीं, तो पुढें स्वतःच्या देहावर प्रयोग करण्यास कचरला नाहीं यांत नवल तें काय!

आतां त्या काळीं वेदना थांबविण्याचे उपाय कोणते होते तें पाहूं. १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन नामक दंतवैद्यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्यास गुंगी आणून दाखविली, आणि पुढच्या वर्षीं एडिंबरो येथें डॉ. सिम्सन यांनीं क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. मनुष्यजातीवर हे उपकार थोर खरे. परंतु यांत सर्व देहच निद्रावश होई, आणि एखादा रोगी त्या निद्रेंतून परत जागाच होत नसे. हा वाद आमच्याही दाराशीं आला होता. नांदेड व लातूर हीं गांवें त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असत. त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, एडवर्ड लॉरी नामक इंग्रज शस्त्रवैद्य होते. क्लोरोफॉर्मनें मृत्यु कां येतो याचा निर्णय करण्यासाठीं १८८८ व १८८९ सालीं तेथें दोन मंडळें बसलीं. निजाम महबूब अली खान यांनीं पैसा पुरविला, आणि दुसऱ्या मंडळासाठीं लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन मुद्दाम आले. श्वासाकडे लक्ष ठेवलें तर भय नाहीं, हृदय प्रथम बंद पडत नाहीं, असा निर्णय तेथें झाला. पुढील संशोधनानें तो पुरता टिकला नाहीं. परंतु त्या विद्यालयांतून डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांच्यासारखी भूल देण्याच्या शास्त्रांत निपुण स्त्री निर्माण झाली, आणि जगांतील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत आज त्यांची गणना होते, ही आम्हां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. तात्पर्य इतकेंच कीं, एका दाढेसाठीं सर्व शरीरास गुंगी आणून जीव धोक्यांत घालावा काय, हा प्रश्न त्या काळीं सर्वत्र वैद्यांपुढें उभा होता.

या प्रश्नाचें उत्तर हैदराबादेतील त्या मंडळांच्या चार वर्षें आधींच दुसरीकडे सांपडलें होतें. दक्षिण अमेरिकेंतील पहाडी लोक कोका नांवाच्या झुडपाचीं पानें चघळीत, आणि त्या पानांतील कोकेन हें द्रव्य १८६० च्या सुमारास जर्मनींत निराळें काढण्यांत आलें होतें. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनें कोकेनचें पाणी प्रथम प्राण्यांच्या व मग स्वतःच्या डोळ्यांत घालून टांचणीच्या डोक्यानें बुबुळास स्पर्श करून पाहिला. डोळा जागा, मनुष्य जागा, आणि वेदना मात्र नाहीं! १५ सप्टेंबर १८८४ रोजीं हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेंत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्चास पैसे नसल्यामुळें कोलर यांस स्वतः तेथें जातां आलें नाहीं. त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरनें वाचून दाखविला. केवळ शरीराचा एक भाग बधिर करण्याची विद्या अशा रीतीनें जन्मास आली.

ही वार्ता अमेरिकेंत पोहोंचली तेव्हां हॉलस्टेड ३२ वर्षांचे होते. डोळ्यासारख्या उघड्या अवयवावर औषधाचे थेंब घालतां येतात. परंतु ज्या वेदनेचें मूळ हाडाच्या आंत आहे तिचें काय करावें? हॉलस्टेड यांनीं केलेला विचार आमच्या शेतकरी वाचकांस सहज समजेल. विहिरीवरून पाट निघतो व त्याचें पाणी वाफ्यावाफ्यांत जातें. मळ्यांत पाणी जाऊं द्यावयाचें नसेल तर प्रत्येक वाफ्यापाशीं उभें राहून काय उपयोग? पाटाच्या तोंडाशींच बांध घातला म्हणजे काम झालें. शरीरांतील ज्ञानतंतु हे असेच वेदनेचे पाट होत. फरक इतकाच कीं, यांत प्रवाह अवयवाकडून मेंदूकडे वाहतो. जेथें हा तंतु हाडांत शिरतो तेथेंच औषध टोचलें तर त्याच्या पुढचा सर्व प्रदेश बधिर होईल, हें हॉलस्टेड व त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनीं ताडलें.

खालच्या जबड्याचा मुख्य ज्ञानतंतु जबड्याच्या मागील उभ्या हाडाच्या आंतल्या बाजूनें एका लहानशा छिद्रांतून हाडांत शिरतो, आणि त्या बाजूच्या सर्व खालच्या दाढा व दांत यांस शाखा देत हनुवटीपर्यंत जातो. हॉलस्टेड यांनीं त्या छिद्राच्या तोंडाशीं कोकेन टोचलें. तत्क्षणीं त्या बाजूचे दांत, हिरडी व ओठ बधिर झाले. वरच्या जबड्याच्या बाबतींत तर हॉल यांनीं स्वतःच खुर्चीवर बसून प्रयोग करून घेतला. त्यांचा वरचा पुढील दांत किडलेला असून त्यास स्पर्शही सहन होत नसे. परंतु सुई टोचल्यावर दंतवैद्यानें तो आंतून खरवडला व भरला, तरी त्यांस कांहींच जाणवलें नाहीं. डिसेंबर १८८४ मध्यें हॉल यांनीं ही हकीकत न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापली. त्या एका हिंवाळ्यांत या मंडळींनीं १००० च्या वर लहान शस्त्रक्रिया अशा रीतीनें केल्या असें हॉलस्टेड यांनीं पुढें नमूद केलें आहे.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. आतां तिची दुसरी बाजू सांगणें प्राप्त आहे, आणि ती मुलांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

हे सर्व प्रयोग हॉलस्टेड, हॉल व त्यांचे विद्यार्थी यांनीं एकमेकांच्या अंगावर केले होते. रोग्यावर उपाय करण्यापूर्वीं तो स्वतःवर करून पाहावा ही त्यांची भावना उदात्त होती. परंतु कोकेन हें केवढें भयंकर व्यसन लावणारें द्रव्य आहे हें त्या वेळीं जवळजवळ कोणासच ठाऊक नव्हतें. उलट त्यानें थकवा जातो व उत्साह वाढतो म्हणून कित्येक डॉक्टर त्याची स्तुति करीत. व्हावयाचें तें झालें. कांहीं महिन्यांतच ही मंडळी त्या विषाच्या पाशांत सांपडली. कित्येक तरुण विद्यार्थ्यांचें आयुष्य त्यांत नष्ट झालें. हॉल यांनीं न्यूयॉर्क सोडलें, व १८९७ सालीं दूर कॅलिफोर्नियांत ते मरण पावले. हॉलस्टेड यांनीं सप्टेंबर १८८५ मध्यें याच विषयावर एक निबंध छापला, तो वाचला असतां अंगावर कांटा येतो. ज्या मनुष्याची बुद्धि शस्त्रासारखी तीक्ष्ण होती, त्याच्या त्या लेखांत एका वाक्याचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. हातांत लेखणी होती, परंतु ती चालविणारा धनी दुसराच झाला होता.

अशा वेळीं एका मित्रानें त्यांस सोडलें नाहीं. डॉ. विल्यम वेल्च यांनीं १८८६ च्या आरंभीं त्यांस जहाजावर घालून समुद्रप्रवासास नेलें, हेतु हा कीं कोकेनची मात्रा हळूहळू कमी करावी. तो यत्न साधला नाहीं. पुढें प्रॉव्हिडन्स येथील बटलर इस्पितळांत ते कित्येक महिने राहिले. तेथें कोकेन सोडविण्यासाठीं त्या काळच्या समजुतीप्रमाणें त्यांस मॉर्फिन देण्यांत आलें. हें अफूपासून निघणारें द्रव्य होय. एका बेडींतून पाय काढावयास गेले तों दुसरी बेडी पायांत पडली. न्यूयॉर्कमधील कीर्ति, व्यवसाय व विद्यार्थी हें सर्व गेलें. १८८६ च्या अखेरीस वेल्च यांनीं त्यांस बाल्टिमोर येथें आपल्या प्रयोगशाळेंत आणून ठेवलें, व १८८७ मध्यें पुन्हां एकदां त्यांस बटलर इस्पितळांत जावें लागलें. वयाच्या ३५ व्या वर्षीं या मनुष्याचें सर्व संपलें असेंच पाहणारास वाटलें असतें.

परंतु तें संपलें नव्हतें. १८८९ सालीं बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडलें. तेथें हॉलस्टेड यांस प्रथम तात्पुरती नेमणूक मिळाली. दुसऱ्या वर्षीं ते मुख्य शस्त्रवैद्य झाले, व १८९२ सालीं शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक. त्यांच्या स्वभावांत आतां मोठा पालट झाला होता. पूर्वींचा धडाडीचा, झपाट्यानें शस्त्र चालविणारा तरुण गेला, व त्याच्या जागीं एकांतप्रिय, मितभाषी व अत्यंत सावकाश काम करणारा पुरुष दिसूं लागला. त्या काळीं शस्त्रवैद्याची कीर्ति वेगावर ठरत असे. हॉलस्टेड यांनीं दाखवून दिलें कीं, वेगापेक्षां हळुवार हात श्रेष्ठ. रक्ताचा प्रत्येक थेंब जपावा, मांसास चिमटा काढतांनाही जपून काढावा, आणि जखम थराथरानें बारीक टांक्यांनीं मिटवावी. अंतर्गळ व स्तनाचा कर्करोग यांवरील त्यांच्या शस्त्रक्रिया जगभर पसरल्या. स्तनाच्या रोगावर इतकी मोठी शस्त्रक्रिया करण्याची बहुधा गरज नसते असें पुढील पिढ्यांच्या ध्यानांत आलें, कारण शास्त्र कोणत्याही थोर पुरुषापाशीं थांबून राहत नाहीं. परंतु हळुवारपणाचा जो धडा त्यांनीं घालून दिला तो अद्याप बदललेला नाहीं. तरुण डॉक्टरांनीं इस्पितळांतच राहून वर्षानुवर्षें पायरीपायरीनें जबाबदारी घेत शिकावें ही पद्धतिही शस्त्रवैद्यकांत त्यांनींच रुजविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेंत नांव गाजविणारे हार्वे कुशिंग हे त्यांचेच शिष्य.

आणखी एक गोष्ट मुलींस विशेष आवडेल. त्यांच्या शस्त्रक्रियागृहांत कॅरोलाइन हॅम्प्टन नांवाच्या मुख्य परिचारिका होत्या. हात निर्जंतुक करण्यासाठीं जें पाऱ्याचें तीव्र औषध वापरीत, त्यानें त्यांच्या हातांस चट्टे पडले, व त्या काम सोडण्याच्या बेतास आल्या. तेव्हां हॉलस्टेड यांनीं गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. १८९० सालीं त्या उभयतांचा विवाह झाला. परिचारिकेचे हात वांचविण्यासाठीं केलेले ते मोजे रोग्यांचे प्राण वांचवितात हें पुढें सर्वांच्या ध्यानांत आलें, आणि आज दांत तपासणारा डॉक्टरही हातमोजे घातल्याशिवाय तोंडांत बोट घालीत नाहीं.

बाल्टिमोरमधील बहुतेकांची समजूत अशी होती कीं, हॉलस्टेड जुन्या व्यसनांतून पुरते मुक्त झाले आहेत. त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनीं मात्र खरी हकीकत एका गुप्त टिपणांत लिहून ठेवली होती. तें टिपण १९६९ सालीं उघड झालें, तेव्हां जगास कळलें कीं हॉलस्टेड पुढेंही अनेक वर्षें रोज मॉर्फिन घेत होते. हें वाचून कोणी त्यांस दोष देईल, तर कोणी इतकें व्यसन असूनही एवढें काम झालें म्हणून व्यसनासच क्षुल्लक मानील. दोन्ही मतें आम्हांस चुकीचीं वाटतात. त्यांनीं जें केलें तें व्यसनाच्या बळावर केलें नाहीं. रोजच्या रोज त्या ओझ्याखालीं वांकून केलें. ओझें नसतें तर त्यांनीं आणखी काय केलें असतें हें सांगण्यास कोणीच उरलें नाहीं. पौल प्रेषिताच्या देहांतील कांट्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पौलाचा कांटा त्यानें स्वतः लावून घेतलेला नव्हता. हॉलस्टेड यांचा कांटा त्यांच्याच हातानें, तोही परोपकाराच्या भरांत, रुतला. तथापि दुबळेपणाची जाणीव असलेला मनुष्यही नम्रपणें आपलें काम करीत राहूं शकतो, हा बोध दोघांच्याही चरित्रांत आहे. आणि दुसरा बोध त्याहून स्पष्ट आहे. ज्या विषापुढें हॉलस्टेड यांच्यासारख्याचें ज्ञान व निग्रह टिकला नाहीं, तें विष, मग तें पुडींतून येवो, गुटख्यांतून येवो कीं गोळींतून येवो, एकदां चाखून पाहूं म्हणणाऱ्या मुलानें स्वतःस हॉलस्टेडहून बळकट समजूं नये.

आतां आजच्या दंतवैद्याच्या सुईकडे वळूं. पालकांनीं निर्धास्त असावें कीं तींत कोकेन नसतें. १९०४-०५ च्या सुमारास आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें नोव्होकेन तयार केलें. त्यानें बधिरता येते, परंतु व्यसन लागत नाहीं. पुढें १९४३ सालीं स्वीडनमध्यें लॉफग्रेन व लुंडक्विस्ट यांनीं लिग्नोकेन शोधून काढलें, आणि आमच्याकडील दंतवैद्य बहुधा तेंच वापरतात. या औषधांत बहुधा ॲड्रिनॅलिनचा किंचित अंश मिसळलेला असतो. त्यानें तेथील रक्तवाहिन्या आंकुंचन पावतात व औषध अधिक वेळ जागच्या जागीं राहतें. अलीकडे आर्टिकेन नांवाचें आणखी एक औषधही प्रचारांत आलें आहे.

कीड दांताच्या कठीण कवचांतून आंतल्या मऊ गाभ्यापर्यंत पोहोंचली म्हणजे तो गाभा सुजतो. चोहोंकडून कठीण भिंत असल्यामुळें सुजेस पसरावयास जागा मिळत नाहीं, व म्हणूनच ती ठणक असह्य होते. रूट कॅनल या उपचारांत डॉक्टर तो सुजलेला गाभा काढतात, मुळांतील बारीक नळ्या स्वच्छ करितात व त्या भरून बंद करितात. अशा रीतीनें दांत उपटल्यावांचून राखला जातो. वरच्या जबड्याचें हाड पातळ व सच्छिद्र असल्यामुळें तेथें दांताच्या मुळाशेजारीं हिरडींत औषध टोचलें तरी तें आंत झिरपतें. खालच्या दाढांभोंवतीं हाड जाड व घट्ट. म्हणून तेथें हॉलस्टेड यांनीं दाखविलेल्या त्याच ठिकाणीं, जबड्याच्या आंतल्या बाजूस, मूळ ज्ञानतंतूच्या तोंडाशीं औषध द्यावें लागतें. दाढ फारच सुजली असेल तर एवढ्यानेंही कधीं कधीं पुरी बधिरता येत नाहीं, कारण सुजेच्या ठिकाणीं आंबटपणा वाढून औषधाचा जोर कमी पडतो व ज्ञानतंतुही चाळवलेले असतात. अशा वेळीं डॉक्टर दाढेच्या बाहेरील बाजूस आणखी औषध देतात, दांत व हाड यांमधील फटींत टोचतात, हाडांतच देतात, अथवा शेवटचा उपाय म्हणून उघडलेल्या गाभ्यांतच थेंबभर सोडतात. म्हणून रोग्यानें भिडेनें गप्प न बसतां, दुखत असल्यास हात वर करून डॉक्टरांस सांगावें. हृदयविकार, गर्भारपण, एखाद्या औषधाची बाधा, किंवा चालू असलेलीं औषधें हीं आधींच कळवावीं. सुई टोचण्यापूर्वीं हिरडीस बधिर करणारा मलम लावण्याची सोयही असते. घरीं आल्यावर दोन-तीन तास ओठ जड असतो. तेवढ्या वेळांत लहान मुलें ओठ किंवा गाल चावून जखम करून घेतात, तरी आयांनीं तिकडे लक्ष ठेवावें व बधिरता उतरेपर्यंत खावयास देऊं नये.

हॉलस्टेड यांनीं आपल्या त्या पहिल्या शोधाचा उच्चार पुढें क्वचितच केला. त्यांच्या मनांत त्या दिवसांची आठवण किती कडू असेल हें आपण समजूं शकतों. परंतु १९२२ सालीं अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेनें ज्ञानतंतु बधिर करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल त्यांस सुवर्णपदक दिलें. १८८४ पासून ३८ वर्षें लोटलीं होतीं. त्याच वर्षीं त्यांचें पित्ताशयाचें दुखणें उलटलें. ज्या रोगांतून त्यांनीं ४० वर्षांपूर्वीं आपल्या आईस सोडविलें होतें, त्याच रोगावर त्यांच्या शिष्यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. परंतु तिच्यानंतर उद्भवलेल्या विकारानें ७ सप्टेंबर १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या पत्नीही त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वारल्या. त्यांस मूल नव्हतें.

शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्यानें वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्याच्या घायांवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि तो आपल्या वाटेनें निघून गेला. त्याचें नांवही कोणीं लिहून ठेवलें नाहीं. आमच्या दाढेच्या दुःखावर ज्यांनीं तेल ओतलें त्यांचीं नांवें मात्र आपणांस ठाऊक आहेत, आणि तें करतांना ते स्वतःच घायाळ झाले हेंही ठाऊक आहे. यापुढें दंतवैद्याच्या खुर्चीवर बसून ज्या मुलाचा ओठ हळूहळू जड होऊं लागेल, त्यानें क्षणभर त्या न्यूयॉर्कमधील तरुणांची आठवण करावी, ईश्वराचे आभार मानावे, आणि निर्भयपणें तोंड उघडावें.